बावीस डिग्रीच्या बाहेर

कंपनीच्या गेटवरची मंजुषा पाळी सुटताना सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावते. डबा, रुमाल, औषधाची पट्टी. मेणाचा कणसुद्धा बाहेर जाता कामा नये.

*

रहाटणीच्या रेशन दुकानातलं यंत्र प्रभावतीचा अंगठा ओळखत नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, पुसून लावा." ती पुसून लावते. यंत्र पुन्हा नाही म्हणतं.

*

औशाला मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजून निघतो, असं नजमा सांगते. ऐकणाऱ्या बायका अंगातलं स्वेटर आणखी ओढून घेतात आणि हसतात.

*

खेळण्याएवढी एक इस्त्री. तिने कपडे होत नाहीत.

*

भाकरी खाऊन संपते म्हणून कुणी रडत नाही.

*

"आई, थांब! काय करतेयस तू?"

नेहा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि तशीच उभी राहिली. तिचं ऑफिस त्या दिवशी घरूनच होतं. बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर कुणीतरी बोलतच होतं. ओट्यावर एक गुळगुळीत पांढरं कार्ड होतं. कार्डावर निळा-जांभळा डोंगर, डोंगरामागे पेटल्यासारखं पिवळं आकाश. आणि तिची आई ते आकाश उलथन्याने खरवडत होती.

"फुगा आलाय त्याच्यात," प्रभावती म्हणाली.

"कुठे?"

प्रभावतीने कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. नेहाने डोळे बारीक केले. आकाशात टाचणीच्या डोक्याएवढा गोल होता.

"आई, तो चंद्र वाटतोय."

"चंद्र असला तरी रिजेक्टच."

बाहेरच्या खोलीतून सोपानरावांचा आवाज आला, "ही बाई भाकरीला बी रिजेक्ट मारती. काल दोन मारल्या. म्याच खाल्ल्या, काय करता."

"तुमाला कुनी विचारलं?"

"विचारायला कशाला पायजे? ह्या घरात पास झालेला एक बी न्हाई. म्या तर लग्नातच रिजेक्ट."

नेहा हसली, पण उलथनं तिने आईच्या हातातून काढून घेतलं. तोवर आकाश गेलं होतं. खरवडलेलं मेण एका वाटीत जमा झालं होतं, आधीच्या सगळ्या डोंगरांबरोबर.

*

प्रभावती चाकणच्या एका फाउंड्रीत मेणखात्यात आहे. नेहा बालवाडीत होती तेव्हा लागली.

पोलादाची जी वस्तू हवी, ती तिथे आधी मेणात होते. हुबेहूब. मग असे पुष्कळ तुकडे मेणाच्याच एका दांड्याला गरम सुरीने चिकटवायचे. त्याला झाड म्हणतात. एक बाई धरते, दुसरी चिकटवते. झाडावर पांढरा लेप चढतो, लेपावर वाळू, पुन्हा लेप, पुन्हा वाळू. ते वाळून दगडासारखं झालं की वाफेत घालतात आणि आतलं मेण वितळून वाहून जातं. आत पोकळी राहते. त्या पोकळीत पोलाद ओततात आणि वरचं कवच फोडून टाकतात.

म्हणजे प्रभावतीने आजवर जे जे केलं, ते सगळं वाहून गेलं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. ते त्याच्यासाठीच केलेलं असतं.

मेणखात्यात एसी आहे. बावीस डिग्री, बारा महिने. त्याहून वाढलं तर तुकडा केसभर वाकतो आणि मग पोलादही केसभर वाकडं होतं. भट्टीवरची माणसं घामाने पांढरी होतात आणि इकडे बायका मे महिन्यात स्वेटर घालून बसतात. गुडघे धरतात. पण एसी माणसांसाठी नाही, मेणासाठी आहे, हे नवीन मुलीला पहिल्याच दिवशी सांगतात.

*

ती छोटी इस्त्री नेहाची. तिने ती ऑनलाइन मागवली होती; सोबत खडूसारख्या रंगीत मेणाच्या कांड्या आणि चकचकीत कार्डं. दोन रविवार तिने चित्रं काढली, मग तिला नवीन प्रोजेक्ट मिळाला आणि खोका पोटमाळ्यावर गेला. डबे काढताना तो प्रभावतीच्या हाती लागला. दुसऱ्या पाळीचा आठवडा होता, सकाळ मोकळी होती.

मेण आहे म्हटल्यावर तिने ते हुंगलं. ओळखीचं आणि तरीही वेगळं. कंपनीतलं मेण एकाच रंगाचं, हिरवं. इथे लाल होता, शेंदरी होता, काचेच्या बांगडीसारखा निळा होता.

नेहाने सांगितलं, "इस्त्री तापली की तिच्यावरच कांडी घास. मग कार्डावर फिरव. झालं."

"आन् साचा?"

"साचा नसतो."

"मग त्ये जाणार कुठं?"

"जाईल तिकडे जाईल गं."

प्रभावतीने निळं घासलं, शेजारी पिवळं घासलं आणि इस्त्री कार्डावर टेकवली. कपड्यावर फिरवतात तशी फिरवली. रंग पसरला. त्यात नवल नव्हतं. नवल पुढे झालं. तिने इस्त्री उचलली.

इस्त्रीचा तळ कार्डावरून सुटत गेला तसतसं मेण खालून वर धावलं. एक जाड शीर निघाली. तिला फाटे फुटले, फाट्यांना फाटे, त्यांना केसासारखे फाटे, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी काहीतरी फुटत असतानाच मेण थिजलं.

झाड होतं.

प्रभावतीने इस्त्री हवेत तशीच धरून ठेवली. तिने सुरी लावली नव्हती. तुकडा तुकडा चिकटवला नव्हता. कुणी धरलं नव्हतं. इतकी वर्षं मेणाला जिकडे जायला सांगितलं तिकडे ते गेलं होतं. त्याच्या मनात असं काही असेल, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"नेहा," ती हळूच म्हणाली. घरात कुणीतरी झोपलं आहे आणि त्याला उठवायचं नाही, असा आवाज. "ये नेहा. हिकडं ये. ह्यानं आपलं आपुनच केलं."

मग तिने ते ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं, त्यातले खळगे पाहिले, आणि खरवडून टाकलं.

*

हे असं महिनाभर चाललं. रोज नवल आणि रोज वाटीत मेण.

*

घाई होती ती नजमामुळे.

नजमा मेणखात्यात प्रभावतीच्या समोर बसते. बसत होती. दोघी एकाच आठवड्यात लागलेल्या. प्रभावती चिकटवायची, नजमा झाड धरायची. दमल्या की उलट. नजमा मूळची औशाची. नवरा बरकत यांचं चिखलीत दुचाकींचं गॅरेज होतं, ते आता झेपत नव्हतं. मुलगा शाहरुख गावी जाऊन दुकान थाटून बसला होता आणि रोज फोन करत होता. शेवटी ठरलं. शनिवारी तिची शेवटची पाळी.

"तू तर जणू सासरी निगालीस," प्रभावती म्हणाली.

"ह्या वयात कोन नेतंय सासरी? माहेरालाच चाललाव, ते बी नवरा संगं घेऊन."

"काय काय न्हेनार?"

"काय हाय न्यायला? दोन ट्रंका, कपाट, शिलाई मशीन. आन् कंपनी देईल ते घड्याळ." नजमा हातातलं झाड फिरवत म्हणाली, "एवढी झाडं लावली गं प्रभे इथं. सावलीला म्हणून एक नाही."

ती हे हसत म्हणाली. प्रभावतीही हसली. पण बसमध्ये बसल्यावर, चाकणच्या चौकात गाड्या अडकून पडल्या असताना, ते वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं.

एक तरी झाड राहिलं पाहिजे. नजमाच्या हातात देता येईल असं. शनिवारच्या आत.

*

मेणाला बोट लावायचं नाही, हा मेणखात्याचा पहिला नियम. कडेने धरायचं. कारण मेण सगळं लक्षात ठेवतं. बोटाचा ठसा मेणावर आला तर तो लेपात उतरतो, मेण गेलं तरी कवचाच्या आत राहतो, आणि पोलाद त्यात येऊन बसतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा सुपरवायझर प्रीतम पंपाच्या आतलं पोलादी चक्र घेऊन मेणखात्यात आला होता. तेव्हा तो नवीन होता आणि फार ओरडायचा.

"कोणाचा आहे हा? बघा, बघा नीट!"

चक्राच्या पात्यावर अंगठा उमटला होता. पोलादात. रेषा न् रेषा. आणि मधोमध एक आडवी रेघ.

नजमाच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणची विळीची खूण आहे, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नजमाच पुढे झाली, चक्र हातात घेतलं आणि आपला अंगठा त्या ठशावर ठेवला. बरोबर बसला.

"सायेब," ती म्हणाली, "आता हे किती वर्षं टिकतंय?"

प्रीतम ओरडायचं विसरला. "हे?" तो म्हणाला, "हे काय... आपण सगळे गेलो तरी राहील."

नजमाने त्या पोलादावरून पुन्हा अंगठा फिरवला. मग प्रीतमने चक्र परत घेतलं. ते रिजेक्ट होतं. पुन्हा वितळवायला गेलं.

*

शुक्रवारी सकाळी नेहाने लॅपटॉप बंद केला आणि ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आज उलथनं माझ्याकडे. ट्यूबलाइटही लावायची नाही."

"मग खोट कशी दिसंल?"

"नाही दिसणार."

सोपानराव दारात येऊन उभे राहिले. "म्या बी बघतो. रोज आतनं आवाज येतोय, आगंबया आगंबया. म्हनलं हाय तरी काय."

प्रभावतीने निळं घासलं, जांभळं घासलं, वर थोडं पिवळं. इस्त्री टेकवली. दोन्ही हातांनी उचलली, सावकाश, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढावा तशी.

झाड आलं. आजवरच्या सगळ्यांपेक्षा मोठं, एका अंगाला झुकलेलं, वारा त्यातून नुकताच गेल्यासारखं. फांद्यांच्या मागे पिवळा उजेड अडकला होता.

कुकरची शिट्टी झाली, ती कुणी मोजली नाही.

"व्हय गं," सोपानराव शेवटी म्हणाले, "ह्ये तू काडलंस?"

"म्या नुसती इस्तरी उचलली."

"आमच्या मळ्यातल्या बाभळीगत हाय. मळा जाऊन पार्किंग झालं, तितं व्हती बघ, ती." ते चित्राच्या जरा जवळ गेले आणि पुन्हा मागे सरले. "न्हाई पर. ह्ये तिच्याहून ताजं हाय."

बुंध्यापाशी एक फुगा होता. प्रभावतीला तो ट्यूबलाइटशिवायही दिसला. तिने हात मागे बांधून घेतले.

*

शनिवारी ती चित्र कंपनीत घेऊन गेली. दुसरीकडे कुठे देता आलं असतं: बसथांब्यावर, नजमाच्या घरी. पण मेणाची वस्तू उन्हातान्हात कशी ठेवायची, असं तिला वाटलं. मेण मेणखात्यात. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने कापडातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. बायका डबे तसेच उघडे टाकून गोळा झाल्या. एक मुलगी म्हणाली, "हे मेण आहे?"

नजमाने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला.

"कोनी धरलं होतं झाड?" तिने विचारलं.

"कुनीच न्हाई. तू नव्हतीस ना."

नजमाने कार्ड कडेने उचललं. दोन बोटांनी, इतकी वर्षं धरलं तसं. प्रभावतीने सुरी तापवली आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यावरून हलकेच फिरवली. मेण ओलसर चमकलं.

"दाब," ती म्हणाली.

"काय?"

"अंगठा. दाब तितं."

"येडी झालीस का? ह्याच्यापायी किती शिव्या खाल्ल्याव आपण!"

"म्हनूनच. दाब लवकर, थिजतंय."

नजमाने आजूबाजूला पाहिलं. मग अंगठा टेकवला आणि श्वास धरून दाबून ठेवला. उचलला तेव्हा सगळ्या रेषा होत्या, मधोमध विळीची आडवी रेघही होती. बायकांमधून एक बारीक आवाज निघाला. नियम मोडताना नव्हे, देवळात पडदा सरतो तेव्हा निघतो तसा.

"आता तुझा," नजमा म्हणाली. "शेजारी लाव."

प्रभावतीने लावला. तिने अंगठा उचलला आणि दोघी वाकल्या. तिथे एक गुळगुळीत खळगा होता. रेषा नव्हती. गरम सुरीने, गरम मेणाने, इतक्या वर्षांत सगळ्या झिजवल्या होत्या.

"बघ," प्रभावती म्हणाली, "म्या आलेच न्हाई. रेशनचं मशीन खरंच बोलतंय."

नजमाने कार्ड उजेडाकडे तिरकं केलं.

"आलीयस की गं. बघ ना. कशी चमकायलीस."

*

पाळी सुटली. नजमाच्या हातात कंपनीचं घड्याळ, अंगावर शाल. मंजुषाने पिशवी उघडली, कापड उलगडलं.

"हे काय? मेण आहे का हे?"

"चित्र आहे ताई."

"चित्र मेणाचं आहे ना पण? मेण नाही नेता येणार बाहेर. नजमा मावशी, तुम्हाला माहितीये नियम. मी काय करू? वर कॅमेरा आहे."

"माझं हाय त्ये," प्रभावती रांगेतून पुढे आली. "घरून आनलंय."

"आणताना एंट्री केली का?"

केली नव्हती. मेण आत नेताना नोंद करायची असते, हे त्या गेटवर कधी कुणाला माहीत करून घ्यावं लागलंच नव्हतं. मागे रांग वाढली. बसवाले हॉर्न वाजवायला लागले. नजमा म्हणाली, "राहू दे प्रभे. ठिवून जाऊ इथं. एसीत तरी राहील." आणि ती पिशवीची नाडी बांधायला लागली.

प्रभावती जागची हलली नाही. "प्रीतम सायबाला बोलवा," ती म्हणाली.

प्रीतम आला. आता त्याचे केस विरळ झालेत आणि तो ओरडत नाही. त्याने चित्र हातात घेतलं, कडेने. नुसतं बघत राहिला. झाडाच्या बुंध्यापासून फांदीपर्यंत, फांदीपासून शेवटच्या केसापर्यंत त्याची मान हळूहळू वर गेली. मग नजर खाली कोपऱ्यात आली आणि थांबली. त्याने नजमाकडे पाहिलं.

"मंजुषा," तो म्हणाला, "हे पास कसं करणार? ठसे आलेत ह्याच्यावर. दोन-दोन."

"मग सर?"

"रिजेक्ट आहे." त्याने चित्र नजमाच्या दोन्ही हातांवर ठेवलं. "घेऊन जा मावशी. असला माल आपण ठेवत नाही."

*

दोन दिवसांनी टेम्पो औशाला निघाला. नजमाने चित्र ट्रंकेत ठेवलं नाही, कपड्यांखाली दबेल म्हणून. ट्रंकेच्या वर ठेवलं, कापडात गुंडाळून. त्यावर ताडपत्री. सोलापूरच्या अलीकडे टायर बसलं. ते बदलेपर्यंत टेम्पो भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभा होता.

संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. तिने फोन उलटा फिरवला. कार्ड जवळजवळ कोरं होतं. कापड मेण पिऊन ताठ झालं होतं, आणि उरलेलं सगळं ट्रंकेच्या झाकणावर पसरलं होतं.

"माज्या ध्यानातच न्हाई आलं गं," प्रभावती म्हणाली. "इतकी वर्सं मेनात काडली आन् येवडं ध्यानात न्हाई आलं."

"कसं येईल? आपण मेण कधी उन्हात बघितलंय का?"

औशाच्या खोलीत पंखा फिरत होता, त्याचा आवाज रहाटणीत ऐकू येत होता.

"बरकत खरवडायला निघाले होते," नजमा म्हणाली. "म्हणलं, हात लावू नका. बघ ना, कसं पसरलंय. ट्रंकेच्या कडेपर्यंत गेलंय आन् तिथं थांबलंय. आपलं आपणच."

"रंग कसा झालाय? हितनं कळंना."

नजमाने फोन आणखी जवळ नेला. निळं, जांभळं, पिवळं असं आता काही वेगळं राहिलेलं नव्हतं.

"हिरवा," ती म्हणाली.

*

वाटीतलं मेण अजून रहाटणीच्या ओट्यावर आहे. खोका पोटमाळ्यावर परत गेलेला नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी प्रभावती इस्त्री तापवते, उचलते आणि बघत उभी राहते. उलथनं कुठे असतं ते तिला आता सापडत नाही. सोपानराव म्हणतात, "म्या लपवलंय, भाकरी हातानंच उलटीव."

*

ज्या वर्षी प्रीतमने ते चक्र मेणखात्यात आणलं, त्या वर्षी त्याच झाडावरचं आणखी एक चक्र तपासणीतून सुटून बाहेर गेलं. ते एका पंपात बसवलेलं आहे. त्याच्या पात्याच्या आतल्या अंगाला दोन अंगठे आहेत, शेजारी शेजारी. एकावर आडवी रेघ आहे, दुसऱ्याच्या सगळ्या रेषा शाबूत आहेत.